सुट्टी कुणाच्या कॅलेंडरची?

३० डिसेंबर २०११, शुक्रवार. सामोआ नावाच्या देशात हा दिवस उजाडलाच नाही. प्रशांत महासागरातल्या या छोट्या बेटांवरची माणसं गुरुवारी २९ तारखेला रात्री झोपली आणि उठली ती थेट शनिवारी, ३१ तारखेला. वादळ नाही, भूकंप नाही. सरकारनं फक्त आंतरराष्ट्रीय वाररेषेची बाजू बदलली होती.

कारण धंद्याचं होतं. सामोआचा बराचसा व्यवहार ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडशी. पण वाररेषा मधे येत असल्यामुळे सामोआत शुक्रवार असायचा तेव्हा ऑकलंडमध्ये शनिवारची सुट्टी लागलेली असायची. सामोआतले लोक रविवारी चर्चमध्ये असायचे तेव्हा सिडनीत सोमवारची ऑफिसं उघडलेली असायची. म्हणजे आठवड्यातले कामाचे दोन दिवस वाया. शेवटी देशानं आपला एक शुक्रवार देऊन टाकला आणि शेजाऱ्यांचा शनिवार-रविवार घेतला.

याच सामोआनं १८९२ साली नेमकी उलटी उडी मारली होती. तेव्हा व्यापार अमेरिकेशी होता, म्हणून अमेरिकेशी वार जुळवून घेतला. त्यासाठी एक दिवस जास्तीचा मोजावा लागला आणि तो दिवस निवडला ४ जुलै, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. त्या वर्षी सामोआत ४ जुलै दोनदा आला.

दोन देशांत धंदा करणाऱ्या कुणालाही ही गोष्ट ऐकून फारसं आश्चर्य वाटणार नाही. मलाही वाटलं नाही. पुण्यात आमची तेरा जणांची फर्म आहे. इंग्लंडमधल्या छोट्या दुकानांचे, कॅफेंचे हिशेब आम्ही इथून लिहितो. तिथे सप्टेंबरअखेरच्या तिमाहीचं व्हॅट रिटर्न भरायची शेवटची तारीख असते ७ नोव्हेंबर. आणि छोटे दुकानदार जगात कुठलेही असोत, बिलं पाठवतात ती शेवटच्या दोन दिवसांत. २०१८ साली ७ नोव्हेंबरला, बुधवारी, लक्ष्मीपूजन होतं. ज्या संध्याकाळी आपल्याकडे व्यापारी स्वतःच्या वहीची पूजा करतात, त्या संध्याकाळी आम्ही दुसऱ्यांच्या वह्या पूर्ण करत होतो.

त्या वेळी ऑफिसात एक तोडगा निघाला होता. इंग्लंडमध्ये ख्रिसमस ते नवीन वर्ष या आठवड्यात बहुतेक सगळं बंद असतं, तेव्हा आम्हाला काम नसतं. मग दिवाळीत काम करायचं आणि त्याबदली डिसेंबरच्या शेवटी सलग सुट्टी घ्यायची. दिवस तेवढेच, पगारही तेवढाच. हिशेबाची माणसं आम्ही. हिशेब चोख जुळत होता. तेव्हा टीममधली एकजण म्हणाली, “मॅडम, पण त्या आठवड्यात घरी असणार कोण? मुलांची शाळा चालू, ह्यांचं ऑफिस चालू.”

या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी जी वाट धरली, ती मला दीडशे वर्षांपूर्वीच्या मुंबईत घेऊन गेली. कारण आपल्याकडे सुट्टी कुणाच्या कॅलेंडरप्रमाणे, हा वाद पहिल्यांदा मोठ्यानं झाला तो तिथे. आणि तोही दोन देशांतल्या धंद्यातूनच.

सुट्टी आधीही होती, पण प्रत्येकाची वेगळी

इंग्रज येण्याआधी आपल्याकडे लोक वर्षभर राबत होते आणि इंग्रजांनी रविवार आणून दिला, असं नाही. शेतकऱ्याला पोळा होता. कित्येक गावांत अमावस्येला औत धरत नसत, कुठे सोमवारी बैल जुंपत नसत. आठवडे बाजाराचा दिवस प्रत्येक गावाचा निराळा. कुणाचं काम कधी थांबणार हे त्याचा धंदा, त्याचं दैवत आणि त्याचं गाव ठरवायचं.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण कोकणात आहे. रायगडच्या किनाऱ्याकडच्या गावांत तेल गाळण्याचा धंदा करणारा एक समाज होता. हे लोक शनिवारी घाणा चालवत नसत. शेजारच्यांनी त्यांना नाव दिलं ‘शनिवार तेली’. पुढे कळलं की हे बेने इस्राएल, म्हणजे भारतातले ज्यू. शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा दिवस. आजूबाजूला कुणाचीच सुट्टी नसताना या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या आपला शनिवार सांभाळला. त्यांना ते जमलं, कारण घाणा त्यांचा स्वतःचा होता. बैल सोडला की काम थांबायचं.

गिरणी आली आणि ही सोय संपली.

कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली १८५४ मध्ये. ताडदेवला ही गिरणी दोन वर्षांनी सुरू झाली. तिच्या मागोमाग गिरण्या वाढत गेल्या. या गिरण्यांतली यंत्रं यायची इंग्लंडमधून, बरीचशी लँकशायरमधल्या ओल्डहॅम शहरातून. यंत्र महाग, ते आणायला काढलेलं भांडवल मोठं. त्यामुळे ते बंद ठेवणं मालकाला परवडत नसे. सूर्य उगवला की गिरणी सुरू, मावळला की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही जास्त. मोठ्या सणांना गिरणी बंद राही, पण ठरलेला असा साप्ताहिक सुट्टीचा दिवस नव्हता. आणि एका वाफेच्या इंजिनावर शेकडो माग चालत असताना, एकानं आपल्या दैवताचा वार पाळायचा म्हटलं तरी बाकीचं काम थांबणार नव्हतं. न थांबणाऱ्या कामातून एकट्यानं बाहेर पडायचं म्हणजे सुट्टी नव्हे, खाडा. आणि खाड्याचे पैसे कापले जात.

बिलाला रविवार, कामगाराला नाही

याच काळात यंत्रं बनवणाऱ्या लँकशायरमध्ये काय चाललं होतं?

तिथेही सुट्टी सहज मिळाली नव्हती. बँक ऑफ इंग्लंड पूर्वी संतांच्या नावानं वर्षाला तेहेतीस सुट्ट्या पाळत असे. १८३४ मध्ये त्या एका झटक्यात चारवर आल्या. यंत्रयुगाला इतके संत परवडत नव्हते. दुसरीकडे कामगारांनी आणि त्यांच्या कैवाऱ्यांनी कायद्यानं एकेक दिवस परत मिळवला. १८३३ च्या कायद्यानं गिरण्यांतल्या मुलांना ख्रिसमस आणि गुड फ्रायडे मिळाला. १८५० मध्ये कापड गिरण्यांतल्या बायका आणि तरुण मुलांचं काम शनिवारी दुपारी दोनला थांबू लागलं. १८७१ मध्ये बँक हॉलिडेचा कायदा आला. १८७४ मध्ये कापड गिरण्यांतल्या बायका-मुलांचा आठवडा साडेछप्पन्न तासांवर आला.

दोन देश आता एका तारेनं जोडलेही गेले होते. १८७० मध्ये समुद्राखालची तार मुंबईपासून एडनमार्गे सुएझपर्यंत पोचली. हे काम उभं करणारे जॉन पेंडर मूळचे ग्लासगो-मँचेस्टरचे कापड व्यापारी. त्याआधी लिव्हरपूलचा कापसाचा भाव पत्रानं मुंबईला कळायला आठवडे लागत. आता तो तासांच्या हिशेबात येऊ लागला. तुमच्या फोनवर रात्री साडेदहाला जे नोटिफिकेशन वाजतं, त्याचा पणजोबा हाच.

तारेबरोबर व्यवहाराला एका सामाईक कॅलेंडरची गरज भासू लागली. हुंड्या, बिलं यांची मुदत नेमकी कुठल्या दिवशी भरते, हे दोन्हीकडे सारखंच समजायला हवं. १८८१ मध्ये आपल्याकडे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट झाला. आजही ‘बँका या दिवशी बंद’ अशी यादी निघते तेव्हा त्यात याच कायद्याचं नाव असतं. त्याच्या पंचविसाव्या कलमात सार्वजनिक सुट्टी म्हणजे काय ते लिहिलं होतं: रविवार, १ जानेवारी, ख्रिसमस, गुड फ्रायडे आणि सरकार जाहीर करील ते इतर दिवस. वचनचिठ्ठीची किंवा बिलाची मुदत अशा दिवशी संपत असेल, तर ती आधीच्या कामाच्या दिवशीच संपली असं समजायचं.

त्याच १८८१ साली भारतातला पहिला फॅक्टरी कायदाही झाला. त्यानं सात ते बारा वयाच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त नऊ तास काम आणि महिन्यातून चार सुट्ट्या दिल्या. सात वर्षांच्या मुलाला नऊ तास! आणि मोठ्या बायका-पुरुषांबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

हे दोन कायदे शेजारी ठेवून वाचले की एक गोष्ट दिसते. आपल्याकडे कागदाच्या बिलाला रविवारची सुट्टी १८८१ मध्ये मिळाली. ते बिल ज्याच्या घामावर वटत होतं, त्या गिरणी कामगाराला आणखी नऊ वर्षं थांबावं लागलं.

मँचेस्टरची कणव, मुंबईचा स्वाभिमान

मधल्या काळात मुंबईच्या कामगाराची चिंता अचानक इंग्लंडमध्ये वाटू लागली होती. १८७५ मध्ये लॉर्ड शाफ्ट्सबरी यांनी हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये भारतातल्या गिरण्यांचा विषय काढला. शाफ्ट्सबरी हे आयुष्यभर गिरण्यांतल्या मुलांसाठी झगडलेले गृहस्थ. त्यांच्या कळकळीबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. पण त्यांच्या मागे उभ्या राहिलेल्या मँचेस्टरच्या कारखानदारांचा हिशेब वेगळा होता. आमचा कामगार आठवड्याला साडेछप्पन्न तास काम करतो, मुंबईचा सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत. मग आम्ही टिकायचं कसं? याच कारखानदारांनी भारतात येणाऱ्या इंग्लिश कापडावरची जकात काढून टाकण्यासाठीही जोर लावला होता, आणि १८८२ पर्यंत ती निघालीही.

मुंबईच्या मालकांना हा डाव स्पष्ट दिसत होता. तो खरा होताही. त्यांनी १८७५ मध्येच आपली संघटना बांधली. त्यांचं म्हणणं असं: आमचे कामगार शेतकरी आहेत, ते मधूनमधून गावी जातात, त्यांना सणांच्या सुट्ट्या आहेत, तुमचा रविवार इथे कशाला? त्या काळच्या बहुतेक राष्ट्रीय वृत्तीच्या वर्तमानपत्रांनीही मालकांची बाजू घेतली. फॅक्टरी कायदा म्हणजे देशी उद्योगाच्या गळ्याला मँचेस्टरनं लावलेली सुरी, असा सूर होता. गोपाळ गणेश आगरकरांच्या प्रभावाखालच्या ‘मराठा’नं कामगारांच्या बाजूनं लिहिलं, पण ते अपवाद. आणि मुंबईतलेच सोराबजी शापुरजी बेंगाली हे फॅक्टरी कायद्याचा मसुदा घेऊन पुढे आले, तेही अपवादच.

म्हणजे चित्र असं: कामगाराला सुट्टी द्या म्हणणारे परके, आणि त्यांचा स्वार्थ उघड. देऊ नका म्हणणारे आपले, आणि तोंडी देशाभिमान. यात कामगाराला काय हवं हे कुणी विचारलं नव्हतं.

दोन देशांच्या धंद्यात आजही हाच तिढा असतो. तिकडचा ग्राहक म्हणतो, “तुमचा सण आहे का? मग घ्या ना सुट्टी!” आणि तारीख मात्र तीच ठेवतो. इकडचा मालक म्हणतो, “ग्राहक सांभाळला तरच सगळ्यांची चूल पेटेल.” दोघंही खोटं बोलत नसतात. पण सुट्टी कुणाला हवी आणि कशासाठी, याबद्दल दोघंही बोलत नसतात.

लोखंड्यांनी काय मागितलं

ते बोलला नारायण मेघाजी लोखंडे.

जन्म १८४८ चा. जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक. काही काळ गिरणीत स्टोअरकीपर होते, त्यामुळे गिरणी आतून पाहिलेली. १८८० पासून ते ‘दीनबंधु’ हे पत्र चालवू लागले. १८८४ मध्ये त्यांनी बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन स्थापन केली. देशातल्या कामगार चळवळीची सुरुवात इथून धरतात. त्याच वर्षी सरकारच्या फॅक्टरी कमिशनपुढे द्यायला त्यांनी एक अर्ज तयार केला. त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या.

अर्जातल्या मागण्या आज वाचताना साध्या वाटतात. दर रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावं. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. कामावर इजा झाली तर बरं होईपर्यंत पगार चालू राहावा.

पहिली मागणी मला पुन्हा पुन्हा थांबवते. लोखंडे सत्यशोधक होते, चर्चमध्ये जाणारे नव्हते. त्यांच्या सभेतले कामगार बहुतांश कोकण-घाटावरचे हिंदू, काही मुसलमान विणकर. मग रविवारच का? मराठी मुलखात याचं उत्तर असं सांगतात की रविवार हा जेजुरीच्या खंडोबाचा वार, म्हणून लोखंड्यांनी तो मागितला. हे उत्तर सुंदर आहे. परक्याच्या कॅलेंडरमधला दिवस उचलून त्याला आपल्या दैवताचा भंडारा लावायचा, यात मोठी हुशारी आहे.

पण मला यात आणखी एक गोष्ट दिसते. मालक म्हणत होते, प्रत्येकाला आपापले सण आहेत की. लोखंडे म्हणत होते, सगळ्यांना मिळून एक दिवस हवा. कुणब्याचा, महाराचा, विणकराचा, गिरणीत येणाऱ्या बाईचा वेगवेगळा नव्हे; एकाच दिवशी सगळ्यांचे माग बंद. दर आठवड्याला, न चुकता, आधीपासून माहीत असलेला दिवस. रविवार निवडला तर बँक बंद, सरकारी कचेरी बंद, बंदरावरची इंग्लिश ऑफिसं बंद. त्या दिवशी गिरणी बंद ठेवायला मालकाचं सगळ्यात कमी नुकसान, म्हणजे मागणी मान्य व्हायची शक्यता सगळ्यात जास्त. धंद्याच्या जगानं स्वतःसाठी जो दिवस आधीच बाजूला काढला होता, तोच लोखंड्यांनी कामगारासाठी मागितला.

सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन कामगार स्त्रिया त्या सभेत बोलल्या. अर्ज गिरणीमालकांच्या संघटनेकडे गेला आणि १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षी, १८९१ मध्ये, नवा फॅक्टरी कायदा आला: साप्ताहिक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, स्त्रियांना दिवसाला अकरा तासांची मर्यादा. त्याआधीच्या कमिशनमध्ये मुंबईच्या कामगारांच्या वतीनं लोखंडे सहभागी होते. १८९७ च्या फेब्रुवारीत मुंबईतल्या प्लेगनं त्यांना नेलं. पन्नाशीही गाठली नव्हती.

विजय पूर्ण नव्हता, हेही सांगायला हवं. पुरुषांच्या तासांना १८९१ च्या कायद्यात मर्यादा नव्हती. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताला काम थांबण्याचं कारणच उरलं नाही. १९०५ च्या तेजीत मुंबईच्या गिरण्या चौदा-चौदा, पंधरा-पंधरा तास चालू लागल्या. कापड गिरण्यांतल्या पुरुषांना बारा तासांची मर्यादा मिळाली ती १९११ च्या कायद्यानं. रविवार मिळाला, पण बाकीचे सहा दिवस ताणले गेले. तरी त्या ताणलेल्या काळातही रविवार टिकला. सगळ्यांचा असल्यामुळे तो एकेकाकडून काढून घेणं अवघड होतं.

सगळ्यांची मिळून

एकाच वेळच्या सुट्टीची किंमत लँकशायरच्या कामगारांनाही माहीत होती. तिथे ‘वेक्स वीक’ नावाची जुनी प्रथा होती, आपल्या गावजत्रेसारखी. प्रत्येक गावाचा आठवडा वेगळा. त्या आठवड्यात गावातल्या सगळ्या गिरण्या एकदम बंद, आणि अख्खं गाव रेल्वेनं ब्लॅकपूलच्या समुद्रावर. या सुट्टीचा पगार मिळत नसे. पगारी सुट्टीचा कायदा ब्रिटनमध्ये आला १९३८ मध्ये. तोवर लोक वर्षभर थोडे थोडे पैसे साठवून ही बिनपगारी सुट्टी घेत. कारण त्या आठवड्यात शेजारी, भाऊ, मैत्रीण, सगळेच मोकळे असत.

याच्या बरोबर उलटा प्रयोग रशियात झाला. १९२९ मध्ये सोव्हिएत सरकारनं रविवार काढून टाकला आणि पाच दिवसांचा आठवडा आणला. कामगारांचे पाच गट केले, प्रत्येकाला एक रंग. आज पिवळ्यांची सुट्टी, उद्या दुसऱ्या रंगाची. यंत्रं कधीच थांबणार नाहीत आणि प्रत्येकाला दर पाचव्या दिवशी विश्रांती. म्हणजे सात दिवसांतल्या एका रविवारपेक्षा जास्तच. कागदावर सगळ्यांचा फायदा. पण नवरा एका रंगाचा, बायको दुसऱ्या, मुलं शाळेत. लोकांनी तक्रारी केल्या की घरी कुणीच नसेल तर ही सुट्टी कसली? दोन वर्षांत सामाईक सुट्टीचा दिवस परत आणावा लागला आणि १९४० मध्ये तर रविवारच परतला.

आमच्या ऑफिसातल्या त्या बाईनं विचारलेला प्रश्न हाच होता. तिनं सुट्ट्यांची संख्या कमी आहे असं म्हटलं नव्हतं. कॉम्प ऑफ ही सुट्टीची बरोबरी करू शकते, सणाची नाही. कारण सण साजरा व्हायला मी मोकळी असून भागत नाही. आई, भाऊ, शेजारची काकू, सगळी त्याच दिवशी मोकळी लागतात. लक्ष्मीपूजनाचा फराळ डिसेंबरात एकटीनं बसून खाता येतो, पण मग तो फक्त चिवडा आणि लाडू असतो.

सामोआनं शुक्रवार का दिला ते आता नीट कळतं. संयुक्त अरब अमिरातीनं १ जानेवारी २०२२ पासून शुक्रवार-शनिवारऐवजी शनिवार-रविवारची सुट्टी का धरली आणि शुक्रवारी नमाजापुरता अर्धा दिवस का राखला, तेही. ज्याच्याकडून पैसा येतो, त्याच्या कॅलेंडरकडे बाकीचे सरकतात. पण सामोआ आणि अमिराती निदान पूर्ण देशानिशी सरकले. तिथल्या घरातली सगळी माणसं एकत्र सरकली. पुण्यातल्या, हैदराबादच्या, बंगळुरूच्या ऑफिसांत एकेकटं माणूस सरकतं. घर इथल्या कॅलेंडरवर राहतं आणि त्यातलं एक माणूस लंडनच्या किंवा टेक्ससच्या कॅलेंडरवर.

चार दिवस

यावर काय करता येतं? महाराष्ट्राच्या दुकानं आणि आस्थापनांविषयीच्या २०१७ च्या कायद्यात एक छोटी तरतूद आहे, फारशी कुणी वाचत नाही. या कायद्याखाली येणाऱ्या ठिकाणी वर्षाला आठ पगारी सणाच्या सुट्ट्या द्यायच्या. त्यातल्या चार ठरलेल्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी मिळून, एकमेकांच्या संमतीनं, वर्ष सुरू होण्याआधी ठरवायच्या.

इंग्लंड आणि वेल्समध्येही बँक हॉलिडे आठच. दोन्ही याद्यांत सहसा एकही दिवस सामाईक नसतो. २५ डिसेंबर आपल्या चारांत घेतला तर तेवढा एक.

आमच्याकडे आता डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात या चार दिवसांची बैठक होते. तेरा जणांत वसईची ख्रिस्ती मुलगी आहे, कोंढव्याचा मुसलमान मुलगा आहे, गणपतीला कोकणात गेलाच पाहिजे असे दोघे आहेत. ख्रिसमसला तिकडे सगळं बंदच असतं, तेव्हा त्यावर एक दिवस खर्च करायला वसईकर मुलगीच नको म्हणते. ईदला अख्ख्या ऑफिसची सुट्टी असावी की एकट्याची, यावर एका वर्षी दीड तास चर्चा झाली. शेवटी ती सगळ्यांची ठरली. एकट्याला सुट्टी दिली तर त्याचा फोन दिवसभर वाजत राहतो, आणि मग ती खाड्यासारखीच होते. लक्ष्मीपूजन आणि भाऊबीज यांवर कधीच मतभेद झाले नाहीत.

ठरलेले चार दिवस जानेवारीतच इंग्लंडला कळवतो. पत्रात कारण लिहीत नाही, सणाची माहिती देत नाही, माफी मागत नाही. जसं त्यांनी कधी ईस्टर मंडे म्हणजे काय हे आम्हाला समजावलं नाही. फक्त लिहितो की या दिवशी ऑफिस बंद राहील, त्या आठवड्याची बिलं चार दिवस आधी लागतील. दोन दुकानदार कुरकुरले, एक सोडून गेला. बाकीचे बिलं आधी पाठवू लागले. दिवाळी ७ नोव्हेंबरच्या आसपास आली की आमचा ऑक्टोबर जड जातो, रात्री जागाव्या लागतात. त्याचे जादा पैसे द्यावे लागतात आणि ते माझ्या नफ्यातून जातात. दहा जून १८९० ला गिरणीमालकांनी जी वजाबाकी मान्य केली, तिचाच हा छोटा अवतार.

येत्या डिसेंबरात तुमच्या ऑफिसातून पुढच्या वर्षाच्या सुट्ट्यांची यादी ईमेलनं येईल. ती आली की आधी एवढं बघा: त्या चार जागा कुणी भरल्या आहेत, आणि भरण्याआधी तुम्हाला विचारलं होतं का. नसेल विचारलं, तर विचारायला सांगा. एकट्यानं नको, चार-पाच जण मिळून.